रील्समधलं ते न संपणारं चित्र आणि एका गणितज्ञाची ४० वर्षं

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर हे चित्र तुमच्यासमोर कधी ना कधी आलेलं असणार. काळ्या रंगाचा, भुंग्यासारखा आकार. कडेला विजेसारखे फाटे. कॅमेरा त्यातल्या एका फाट्यात शिरतो आणि आत आत जात राहतो. नक्षी बदलते, भोवरे येतात, शंख येतात आणि दहा मिनिटांनी अचानक तोच भुंगा पुन्हा समोर. खाली कमेंट्समध्ये कुणाला ब्रह्मांड दिसतं, कुणाला झोप येते.

या चित्राला मँडेलब्रॉट सेट म्हणतात. ते काढायचा प्रोग्राम इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा पोरगा पंधरा-वीस ओळींत लिहितो. पण हा आकार नेमका कसा आहे, हे गणिताला आजही पूर्ण माहीत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन गणितज्ञांनी एक शोधनिबंध इंटरनेटवर टाकला आणि या आकृतीतल्या सगळ्यात प्रसिद्ध बिंदूंपैकी एकाचं कोडं सुटलं. अख्ख्या आकृतीचं नाही. काही ठरावीक बिंदूंचं.

त्या दोघांपैकी एक होते मिखाईल ल्युबिच, मित्रमंडळींत 'मिशा'. तेव्हा त्यांचं वय ६४ होतं आणि या विषयात त्यांची चाळीसेक वर्षं गेली होती. एखाद्या माणसाने एका चित्रामागे एवढं आयुष्य का घालवावं, आणि त्यासाठी कुणी पगार का द्यावा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं मिळण्यासाठी आधी ते चित्र समजायला हवं.

चित्र बनतं कसं?

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. एक संख्या ठरवा, तिला 'क' म्हणू. शून्यापासून सुरुवात करायची. हातात जी संख्या असेल तिचा वर्ग करायचा आणि त्यात क मिळवायचा. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा क मिळवा. एवढाच खेळ.

क जर १ घेतला तर उत्तरं येतात ०, १, २, ५, २६, ६७७. पुढे तर विचारूच नका. क जर उणे १ घेतला तर ०, उणे १, ०, उणे १, असं तळ्यात-मळ्यात कायम चालू राहतं. आणि क उणे ०.५ असेल तर उत्तरं थोडी वरखाली होत उणे ०.३६६ च्या आसपास शांत बसतात.

म्हणजे काही 'क' असे असतात की गाडी हाताबाहेर जाते, आणि काही असे की ती एका मर्यादेत फिरत राहते. आता साध्या संख्यांऐवजी अकरावीला भेटणाऱ्या संमिश्र संख्या, म्हणजे कॉम्प्लेक्स नंबर घ्या. ही प्रत्येक संख्या नकाशावरच्या गावासारखी असते, इतकं पूर्वेला, इतकं उत्तरेला. ज्या गावी उत्तरं मर्यादेत राहतात ते गाव काळं रंगवायचं. सगळी गावं रंगवून झाली की समोर येतो तो भुंगा.

एकच नियम पुन्हा पुन्हा लावत गेलं तर शेवटी काय होतं, याचा कॉम्प्लेक्स संख्यांवरचा अभ्यास म्हणजे कॉम्प्लेक्स डायनॅमिक्स. विषय नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर फातू आणि गास्ताँ ज्यूलिया या दोघांनी त्याचा पाया घातला. ज्यूलिया सैनिक होते, लढाईत त्यांचं नाक गेलं आणि पुढे आयुष्यभर ते चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधून वावरले. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, जे काही होतं ते कागदावर आणि डोक्यात. नंतर विषय जवळपास झोपी गेला.

त्याला जाग आली ती कॉम्प्युटरमुळे. १९८० मध्ये आयबीएममध्ये काम करणाऱ्या बेन्वा मँडेलब्रॉट यांनी ही आकृती छापून काढली. (त्याच्या थोडं आधी ब्रुक्स आणि मटेल्स्की या दोघांनी ती प्रिंटरवर फुल्या मारून काढली होती, पण नाव लागलं ते मँडेलब्रॉट यांचं.) सुरुवातीच्या त्या खरखरीत प्रिंटआउटमध्ये मुख्य आकृतीच्या भोवती सुटे सुटे ठिपके दिसत होते. बघणाऱ्याला वाटावं, ही बेटं आहेत. मग १९८२ च्या सुमारास आद्रियाँ दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी सिद्ध केलं की एकही बेट नाही. प्रत्येक ठिपका अतिशय बारीक तंतूंनी मुख्य आकृतीला जोडलेला आहे, फक्त ते तंतू त्या प्रिंटरला दिसत नव्हते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्र बघून काढलेला निष्कर्ष चुकीचा निघाला आणि कागदावरची सिद्धता बरोबर ठरली. या विषयात पुढे काम करणाऱ्या कुणीच मग नुसत्या चित्रावर विश्वास ठेवला नाही.

एमएलसी, पण विधान परिषदेवाली नाही

आकृती अखंड आहे हे कळलं. लगेच पुढचा प्रश्न आला आणि तोच गेली चार दशकं अडून बसलाय. त्याचं नाव एमएलसी. आपल्याकडे एमएलसी म्हटलं की विधान परिषदेचा आमदार डोळ्यासमोर येतो. इथे त्याचा अर्थ 'मँडेलब्रॉट लोकली कनेक्टेड' आहे. आकृती अखंड तर आहेच, पण कुठल्याही बिंदूपाशी भिंग लावून पाहिलं तरी ती जवळच्या जवळ जोडलेली आहे का?

अखंड असणं आणि जवळच्या जवळ जोडलेलं असणं यात फरक काय? एक फणी घ्या. तिला असंख्य दात आहेत आणि डावीकडे जाल तसे ते दाट होत जातात, एकमेकांना खेटत जातात. सगळ्यात डावीकडे शेवटचा दात. आता त्या शेवटच्या दाताच्या टोकावर एक मुंगी बसली आहे. शेजारचा दात तिच्यापासून केसभर अंतरावर आहे, पण तिथे जायचं तर तिला दात उतरून खाली मुठीपर्यंत जावं लागेल आणि दुसऱ्या दातावरून परत वर चढावं लागेल. फणी अखंडच आहे, तुटलेली कुठेच नाही. तरी टोकापाशी भिंग लावलं तर दिसतात नुसते सुटे तुकडे. अशी जागा लोकली कनेक्टेड नसते.

मँडेलब्रॉट सेटमध्ये अशी एखादी फणी लपलेली आहे का? नाही, असं एमएलसीचं म्हणणं आहे. ते सिद्ध झालं तर फायदा मोठा आहे. दुआदी आणि हबर्ड यांनी दाखवलं होतं की मग ही अनंत गुंतागुंतीची आकृती एका साध्या कृतीने पूर्णपणे वर्णन करता येईल. एक गोल चकती घ्यायची आणि ठरलेल्या नियमाने तिच्या कडेचे ठरावीक बिंदू चिमटीत धरून एकमेकांना चिकटवत जायचे, करंजीची कड दाबतात तसे. कडेवरच्या प्रत्येक बिंदूला पत्ता मिळेल. शिवाय आणखी एक जुना प्रश्न सुटेल. कुठलाही 'क' किंचित हलवला तर उत्तरं एकतर पळून तरी जातात किंवा ठरावीक फेऱ्यात तरी येऊन पडतात, असा शेजारी दरवेळी सापडतो का? एमएलसी खरं असेल तर याचं उत्तर 'हो'.

खारकिव्ह, ताश्कंद आणि त्याच वेळी रिओ

ल्युबिच यांचा जन्म १९५९ चा, युक्रेनमधल्या खारकिव्हचा. तेव्हा ते सोव्हिएत संघात होतं. वडील युरी ल्युबिच हेही गणितज्ञ. मिशा यांनी १९८० मध्ये खारकिव्ह विद्यापीठातून शिक्षण पूर्ण केलं. पण पुढच्या संशोधनासाठी ते खारकिव्हमध्ये राहिले नाहीत, मॉस्कोलाही गेले नाहीत. त्यांनी पीएचडी केली ती तिथून काही हजार किलोमीटरवरच्या ताश्कंदमध्ये.

कुटुंब ज्यू होतं, हे इथे सांगायला हवं. त्या काळात सोव्हिएत संघातल्या नामांकित गणित विभागांमध्ये ज्यू विद्यार्थ्यांना बाहेर ठेवण्याची अघोषित पण सर्वांना ठाऊक असलेली पद्धत होती. मॉस्को विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत अशा मुलांना मुद्दाम वेगळी, दिसायला सोपी पण सुटायला भयंकर गणितं घातली जायची. लोक त्यांना 'शवपेटी गणितं' म्हणायचे. त्यामुळे कितीतरी हुशार मुलांना दूरच्या विद्यापीठांचा रस्ता धरावा लागला.

ताश्कंदमध्ये बसून ल्युबिच यांनी जे केलं ते मात्र दूरच्या विद्यापीठाच्या मापाचं नव्हतं. फातू आणि ज्यूलिया यांचा विसरलेला विषय त्यांनी उघडला आणि १९८३ च्या सुमारास दोन मोठे निष्कर्ष मांडले. पहिला असा की, असा कुठलाही नियम (म्हणजे बहुपदींच्या भागाकाराने बनणारा) पुन्हा पुन्हा लावला तर त्यात जो गोंधळ तयार होतो, त्या गोंधळाची वाटणी मोजण्याची एक आणि एकच सर्वोत्तम पद्धत असते. दुसरा असा की, बहुतेक नियम थोडे हलवले तरी त्यांचं एकूण वागणं बदलत नाही.

आता गंमत बघा. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोत, रिकार्दो मान्ये आणि त्यांचे सहकारी अगदी हेच सिद्ध करत होते. दुसऱ्या निष्कर्षाच्या वेळी त्यांच्याबरोबर अमेरिकन गणितज्ञ डेनिस सुलिव्हन होते. हेच सुलिव्हन २०२२ मध्ये गणितातल्या सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक असलेल्या आबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. ईमेल नाही, झूम नाही, मधे पोलादी पडदा. दोन्हीकडचे लोक स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोचले. आज पहिल्या निष्कर्षातल्या त्या मोजपट्टीला मान्ये आणि ल्युबिच या दोघांचं नाव आहे.

हा योगायोग वाटतो, पण पूर्णपणे तसा नाही. कॉम्प्युटरची चित्रं जगभर पोचू लागली होती आणि साठ वर्षं बंद असलेलं दार सगळीकडून एकाच वेळी ठोठावलं जात होतं. फरक एवढाच की पॅरिस आणि प्रिन्स्टनचे लोक एकमेकांना विमानाने भेटत होते, आणि ताश्कंदच्या माणसाला ते काय करतायत याची बातमी उशिरा मिळत होती.

१९८० चं दशक संपता संपता, सोव्हिएत संघ कोसळायच्या थोडं आधी, ल्युबिच अमेरिकेत आले. न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात जॉन मिल्नर यांनी १९८९ मध्ये गणिताची एक नवी संस्था सुरू केली होती आणि तिथे कॉम्प्लेक्स डायनॅमिक्सला मानाचं स्थान होतं. ल्युबिच तिथे रुजले. मधे काही वर्षं त्यांनी कॅनडात टोरोंटो विद्यापीठातही काम केलं आणि पुढे स्टोनी ब्रूकच्या त्याच संस्थेचे संचालक झाले. ज्या खारकिव्हमध्ये ते शिकले, त्या शहरावर २०२२ पासून रशियाचे हल्ले सुरू आहेत. त्यात विद्यापीठाच्या इमारतीही जळाल्या.

४.६६९ चं भूत

ल्युबिच यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात रंगतदार भाग एका आकड्याभोवती आहे. तो समजण्यासाठी पुन्हा कॅल्क्युलेटर.

भुंग्याच्या मधून एक आडवी रेघ काढा आणि उजवीकडून डावीकडे चालायला लागा, म्हणजे साध्याच संख्या घ्या आणि क कमी करत चला. ०.२५ पासून उणे ०.७५ पर्यंत उत्तरं एका जागी शांत होतात. तिथून उणे १.२५ पर्यंत ती दोन जागांमध्ये येरझाऱ्या घालतात. मग चार जागा, उणे १.३६८१ पर्यंत. मग आठ, उणे १.३९४० पर्यंत. मग सोळा. चित्रात बघितलं तर हे एकाला एक चिकटलेले, लहान लहान होत जाणारे मणी आहेत. लांबी बघा: १, ०.५, ०.११८१, ०.०२५९. शेजारच्या दोन लांब्यांचं गुणोत्तर काढत गेलात तर ते ४.६६९ च्या जवळ जवळ जातं आणि सगळे मणी उणे १.४०११ या एका बिंदूपाशी येऊन दाटतात. त्याच्या पलीकडे सुरू होतो गोंधळ, म्हणजे केऑस.

१९७५ मध्ये मिचेल फायगेनबाउम या भौतिकशास्त्रज्ञाने खिशात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरवर हे गुणोत्तर काढलं. मग त्याने पूर्ण वेगळं सूत्र घेतलं, आणि आकडा तोच आला. नंतर द्रवरूप हेलियम तापवताना त्याच्या हालचालीत होणाऱ्या बदलांमध्येही हाच आकडा डोकावू लागला. कागदावरच्या सूत्राला आणि भांड्यातल्या हेलियमला एकच आकडा कसा काय लागू होतो?

१९८२ मध्ये ऑस्कर लॅनफर्ड यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने त्याची सिद्धता दिली. बरोबर होती, पण तिने 'हो' एवढंच सांगितलं. 'का' ते सांगितलं नाही. ते 'का' सांगण्याचं काम सुलिव्हन, कर्टिस मॅकम्युलन आणि ल्युबिच यांनी टप्प्याटप्प्याने केलं, आणि १९९९ मध्ये ल्युबिच यांच्या शोधनिबंधाने आकडेमोडीचा आधार न घेता ही गोष्ट पक्की केली. थोडक्यात कल्पना अशी की झूम करणं हीच एक क्रिया मानायची आणि ती पुन्हा पुन्हा करायची. वेगवेगळी सूत्रं झूम करत गेलं की ती एकाच साच्याकडे खेचली जातात. साचा एक म्हणून आकडा एक.

२००२ मध्ये त्यांनी आणखी एक निकाल छापला आणि तो कुणालाही कळेल असा आहे. आपल्या वर्ग-करा-आणि-मिळवा या नियमात, उत्तरं मर्यादेत राहतील असा एखादा साधा क चिठ्ठी टाकून निवडला तर दोनच शक्यता असतात. एकतर उत्तरं ठरावीक फेऱ्यात येतात, किंवा ती गोंधळ घालतात पण त्या गोंधळालाही सांख्यिकीचे नियम लागू होतात. म्हणजे पुढचं उत्तर सांगता येणार नाही, पण शंभरातली किती उत्तरं कुठल्या पट्ट्यात पडतील हे सांगता येईल. यापेक्षा विचित्र वागणारे क असतात, पण इतके विरळ की चिठ्ठी त्यांच्यावर पडण्याची शक्यता शून्य. पावसाचा अंदाज आणि पावसाची सरासरी यातला फरक ज्याला कळतो, त्याला या निकालाचं महत्त्व कळेल.

तुकड्या-तुकड्याने

आणि एमएलसी? ती या सगळ्या काळात मागे उभीच होती.

१९९० च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ जाँ-क्रिस्तोफ योकोझ यांनी पहिली मोठी मजल मारली. झूम करताना भुंग्याच्या आत भुंगा, त्याच्या आत भुंगा, अशी साखळी लागते. जिथे ही साखळी कुठेतरी थांबते, अशा सगळ्या बिंदूंचा प्रश्न योकोझ यांनी निकालात काढला. १९९४ मध्ये त्यांना फील्ड्स मेडल मिळालं. उरले ते बिंदू जिथे साखळी कधीच थांबत नाही.

ल्युबिच यांनी १९९७ मध्ये त्यातले काही सोडवले. पुढे २००६ मध्ये जेरेमी कान यांनी आणि मग कान-ल्युबिच जोडीने आणखी काही. पण त्यांची पद्धत चालायची ती बहुतेक मुख्य आकृतीपासून सुटे, तंतूला लटकलेले दिसणाऱ्या भुंग्यांसाठी. तिथे हात हलवायला जागा असते. जे मण्यांसारखे एकमेकांना थेट चिकटलेले असतात, तिथे चिकटण्याच्या बिंदूपाशी जागाच उरत नाही आणि हिशोब कोलमडतो.

आणि फायगेनबाउमचा उणे १.४०११ हा बिंदू नेमका मण्यांच्या माळेच्या टोकाला बसलाय. म्हणजे ज्या बिंदूने विषयाला प्रसिद्धी दिली, ज्याचा आकडा १९७५ मध्ये कॅल्क्युलेटरवर निघाला, तिथेच एमएलसी अडून होती. २०२३ च्या त्या शोधनिबंधात ल्युबिच आणि त्यांचे तरुण सहकारी झ्मित्रि दुदको यांनी हा बिंदू आणि त्याच्यासारखे ठरावीक पद्धतीने आत आत जाणारे सगळे बिंदू सोडवले. कॅल्क्युलेटरपासून सिद्धतेपर्यंत ४८ वर्षं. तोवर फायगेनबाउम, मँडेलब्रॉट, दुआदी आणि योकोझ, चौघेही हयात नव्हते.

हे बघून कुणी म्हणेल की ल्युबिच यांना एमएलसी सुटली नाही, म्हणजे कारकीर्द अर्धवट. हा हिशोबच चुकीचा आहे. वर सांगितलेला प्रत्येक निकाल एमएलसीच्या आजूबाजूला चालताना हाती लागला. फायगेनबाउमचं 'का', गोंधळाची सांख्यिकी, झूम करण्याचं संपूर्ण यंत्र, हे सगळं या एका न सुटणाऱ्या प्रश्नाच्या रस्त्यावर भेटलेलं आहे. प्रश्न लवकर सुटला असता तर कदाचित यातलं अर्धं कुणी शोधलंही नसतं.

पैसे कोण देणार?

असं संशोधन महाग नसतं. प्रयोगशाळा नको, रॉकेट नको. पगार, खडू-फळा, प्रवासाचं भाडं आणि नव्या मुलांना दोन-तीन वर्षांची फेलोशिप. पण एक गोष्ट मात्र भरपूर लागते, ती म्हणजे वेळ. आणि सरकारी कागदावर वेळ मागणं सगळ्यात अवघड.

अमेरिकेत गणिताच्या संशोधनाचा मोठा आधार नॅशनल सायन्स फाउंडेशन ही सरकारी संस्था आहे. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने २०२६ साठी या संस्थेचं बजेट निम्म्याहून जास्त कापण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर तिथे मोठा विरोध झाला. पण अशा प्रस्तावाने व्हायचं ते नुकसान आधीच होतं. पीएचडी करणारी मुलं दुसरा रस्ता शोधायला लागतात, आणि ल्युबिच-दुदको अशी वयात अंतर असलेली जोडी जमायला जी साखळी लागते तिची मधली कडी गळते.

भारतात चित्र वेगळं आहे, फार सुखाचं नाही. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. चांगली गोष्ट आहे. पण तिचा रोख आहे खासगी क्षेत्राकडे आणि बाजारात येऊ शकणाऱ्या तंत्रज्ञानाकडे. मण्यांच्या माळेच्या टोकाशी काय होतं, असा प्रश्न घेऊन तिथे गेलात तर कुठला फॉर्म भरायचा हेच कळणार नाही.

तरीही या विषयाचा एक धागा थेट मुंबईत येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सब्यसाची मुखर्जी हे कॉम्प्लेक्स डायनॅमिक्समध्ये काम करतात. ते आधी स्टोनी ब्रूकमध्ये पोस्टडॉक होते आणि त्यांचे ल्युबिच यांच्यासोबत शोधनिबंध आहेत. त्याच संस्थेत महान महाराज आहेत, भगव्या कपड्यातले, रामकृष्ण मिशनचे संन्यासी. शोधनिबंधांवर त्यांचं नाव महान एमजे असतं. क्लायनियन ग्रुप नावाच्या शेजारच्या विषयात नेमका असाच प्रश्न होता: तिथल्या अखंड आकृत्या लोकली कनेक्टेड असतात का? सुलिव्हन यांनी १९८० च्या दशकात या दोन विषयांमध्ये एक शब्दकोशच मांडला होता, इकडच्या या शब्दाला तिकडे तो शब्द, असा. एमएलसीच्या तिकडच्या भावंडाचं उत्तर महान महाराजांनी 'हो' असं दिलं, आणि तो निकाल २०१४ मध्ये 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या जगातल्या सर्वात मानाच्या नियतकालिकांपैकी एकात आला. पुढच्याच वर्षी त्यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला. म्हणजे शब्दकोशाच्या एका पानावरचा शब्द लागला, समोरच्या पानावरचा अजून अर्धाच लागलाय. या दोन्ही पानांना शिवणारं कामही एमजे आणि मुखर्जी यांनी मिळून केलं आहे.

आता पुढे काय?

एमएलसीचं उरलेलं काम म्हणजे जिथे भुंग्यातला भुंगा दरवेळी नव्या, अधिकाधिक लांबलचक पद्धतीने येतो ते बिंदू. २०२३ ची पद्धत तिथे तशीच्या तशी चालत नाही. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये गूगल डीपमाइंडच्या एआयने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या प्रश्नांवर सुवर्णपदकाएवढे गुण मिळवले, तेव्हापासून आता असे प्रश्न मशीनच सोडवेल अशा पोस्ट फिरतायत. ऑलिम्पियाडचा प्रश्न साडेचार तासांच्या पेपरात सुटावा म्हणून बनवलेला असतो आणि त्याचं उत्तर आहे हे आधीच माहीत असतं. एमएलसीचं तसं काहीच नाही. एआय मदत करेल का? करू शकेल, लॅनफर्ड यांना १९८२ मध्ये कॉम्प्युटरने केलीच होती. 'का' हा प्रश्न तेव्हा उरला होता आणि तो सोडवायला पुढची सतरा वर्षं लागली.

आणि समजा एमएलसी उद्या सुटली, तरी या भुंग्याकडे बाकी भरपूर आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण १.५०६ आहे हे कॉम्प्युटरने मोजलंय, पण ते अचूक सांगणारं सुटसुटीत सूत्र कुणाकडे नाही. त्याची कड इतकी वेडीवाकडी आहे की रेषा असूनही ती मोजमापात पृष्ठभागासारखी वागते, हे जपानचे मित्सुहिरो शिशिकुरा यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केलं. मग त्या कडेलाही स्वतःचं क्षेत्रफळ असतं का, की ते शून्यच? या प्रश्नावर अजून काम सुरू आहे.